'इन्युअर' म्हणजे नक्की काय? सवय होणं, निर्ढावणं की तिसरंच काही?

शब्दांची_हमाल (ठाणे)

मंडळी, एका इंग्रजी क्रियापदाशी घोडं अडलंय. 'इन्युअर'. स्पेलिंग आय-एन-यू-आर-ई. बोलताना हा शब्द फारसा कोणी वापरत नाही, पण लेखी इंग्रजीत, विशेषतः आत्मचरित्रांत आणि युद्धाच्या बातम्यांत, बऱ्यापैकी भेटतो. इंग्रजी-मराठी कोशात बघितलं की 'सवय होणे, सराव होणे' मिळतं आणि गोची तिथेच आहे.

माझ्यापुढे एका परिचारिकेबद्दलचं वाक्य आहे. जळीत रुग्णांच्या वॉर्डात तिची उभी हयात गेली आहे आणि लेखक म्हणतो की या वर्षांत ती किंकाळ्यांना 'इन्युअर्ड' झाली होती. 'तिला किंकाळ्यांची सवय झाली होती' हे फारच गुळमुळीत वाटतं, जणू नव्या चष्म्याची सवय झाली. 'किंकाळ्यांना ती निर्ढावली होती' म्हणावं तर बाई खलनायिका होते, आणि लेखकाच्या मनात तिच्याबद्दल आदर आहे हे पानापानावर दिसतं.

वर आणखी एक घोळ. दुसऱ्या कामात एक करारनामा आहे, त्यातही हाच शब्द आलाय. 'हा करार दोन्ही पक्षांच्या वारसांच्या फायद्यासाठी इन्युअर होईल' अशा थाटाचं वाक्य. इथे सवय कुणाला आणि कशाची? दोन वेगळे शब्द आहेत की एकच?

टवाळखोर

विरार फास्टमध्ये दारात लटकून रोज जे होतं ते म्हणजे इन्युअर. पुढचा प्रश्न.

निवृत्त_मास्तर (सांगली)

टवाळखोरांनी चेष्टेत का होईना, अर्धं उत्तर दिलंय. इन्युअर होतं ते नेहमी कशातरी त्रासदायक गोष्टीला. थंडी, उपासमार, अपमान, गोळीबार, गर्दी. सुखाला कोणी इन्युअर होत नाही. 'मला आमरसाची सवय झाली' याला हे क्रियापद चालणार नाही. लिहिलंच तर वाचणारा समजेल की तुम्हाला आमरस आवडत नाही.

दुसरं व्याकरण. मूळ क्रियापद सकर्मक आहे: एखादी गोष्ट माणसाला इन्युअर करते. पण प्रत्यक्षात दहातल्या नऊ वेळा कर्मणी रूपच दिसतं. म्हणजे 'बी इन्युअर्ड टू' किंवा 'बिकम इन्युअर्ड टू'. माणूस स्वतःहून काही करत नाही, परिस्थिती त्याच्यावर काम करत राहते. आणि यातला 'टू' हे शब्दयोगी अव्यय आहे, क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारा 'टू' नव्हे. म्हणून त्यापुढे नाम येईल, नाहीतर आयएनजीवालं रूप.

हा 'टू' आपल्या लोकांना फार छळतो. चाळीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे सांगतो. 'यूस्ट टू'चंच बघा. एकाच दिसण्याच्या तीन वेगळ्या रचना आहेत आणि मुलं तिन्हींची खिचडी करतात.

पहिली, 'आय यूस्ट टू स्विम'. मी पोहायचो, पोहत असे. फक्त भूतकाळ. आता ते बंद आहे किंवा निदान तसा सूर आहे. हिला वर्तमानकाळ नाही. 'आय यूज टू गो डेली' हे जे सर्रास ऐकू येतं ते 'मी रोज जातो' याला इंग्रजी कपडे घालायच्या नादात होतं. तिथे नुसतं 'आय गो' पुरतं, फार तर 'युजुअली' जोडा.

दुसरी, 'आय ॲम यूस्ट टू गेटिंग अप अर्ली'. मला लवकर उठायची सवय आहे. हिला सगळे काळ आहेत. 'वॉज', 'विल बी', 'गेटिंग यूस्ट टू', काय हवं ते.

तिसरी, 'धिस नाइफ इज यूझ्ड टू कट ब्रेड'. ही साधी 'वापरणे'. ही सुरी पाव कापायला वापरतात. इथे उच्चारात 'झ' आहे, वरच्या दोन्हींत 'स'. आणि 'यूस्ट टू' भरभर म्हणताना 'ड' ऐकूच येत नाही, म्हणून पोरं 'यूज टू' लिहून मोकळी होतात.

शिकवताना मी एक युक्ती सांगत असे. 'टू'च्या पुढे नुसतं 'धिस' ठेवून बघा. 'आय ॲम यूस्ट टू धिस' चाललं ना? मग ती नामाची जागा आहे, तिथे आयएनजी येणार. 'आय यूस्ट टू धिस' लंगडतं, म्हणजे तिथे साधं क्रियापद. हीच कसोटी 'लुक फॉरवर्ड टू', 'ऑब्जेक्ट टू' आणि आपल्या 'इन्युअर्ड टू'ला लावा.

मराठीत मौज अशी की दोन्हीकडे एकच 'जायचं' वापरून काम भागतं. 'मी जायचो' आणि 'मला जायची सवय आहे'. त्यामुळे आपल्या डोक्यात हे दोन कप्पे मुळात शेजारी-शेजारी आहेत आणि इंग्रजी बोलताना मधली भिंत पडते.

टवाळखोर

मास्तर, म्हणजे 'द नाइफ इज यूस्ट टू कटिंग' म्हटलं तर सुरीला कापायची सवय लागली असा अर्थ होईल? आमच्या भागात अशा सुऱ्या असायच्या म्हणे.

निवृत्त_मास्तर (सांगली)

व्याकरण बरोबर आहे. बाकी पोलिसांचं काम.

जाता जाता, जुन्या सवयीला 'वुड'सुद्धा वापरतात, पण ते कृतीपुरतं. 'तो दर रविवारी यायचा' याला 'वुड कम' चालेल. 'लालबाग-परळला गिरण्या असायच्या' याला मात्र 'यूस्ट टू बी'च हवं, कारण ती स्थिती आहे.

शब्दखोदू (पुणे)

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: शब्द एकच आहे. आणि त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

मध्ययुगीन इंग्रजीत 'युअर' असं एक नाम होतं, यू-आर-ई. अर्थ: वहिवाट, प्रत्यक्ष वापर, काम. एखादी गोष्ट 'इन युअर' आहे म्हणजे ती चालू वापरात आहे. हे नाम फ्रेंचमधून आलं. आजच्या फ्रेंचमधला 'अव्र', म्हणजे काम किंवा कृती, हा त्याचाच भाऊ. दोघांच्या मुळाशी लॅटिन 'ओपेरा', अर्थ काम, श्रम. गाण्याचा ऑपेराही त्याच घरातला. पंधराव्या शतकाच्या सुमारास 'इन युअर' या दोन शब्दांचं मिळून क्रियापद झालं आणि नंतर मूळ नाम मेलं. त्यामुळे आज हा शब्द बघून काहीच बोध होत नाही.

आता दोन्ही अर्थ लावून बघा. माणसाला एखाद्या गोष्टीच्या 'वापरात आणणं' म्हणजे सराव करवणं. आणि हक्क किंवा करार 'वापरात येणं' म्हणजे अमलात येणं, लागू होणं. एकाच खोडाच्या दोन फांद्या.

याच कुळातला आणखी एक शब्द सांगतो, तुमचा विश्वास बसणार नाही. 'मॅन्युअर', म्हणजे शेणखत! लॅटिनमधल्या 'हाताने काम करणे'वरून जुन्या फ्रेंचमध्ये जमीन कसण्याचं क्रियापद झालं, ते इंग्रजीत आलं, आणि कसता कसता अर्थ खतावर येऊन थांबला. 'मनूव्हर', म्हणजे लष्करी हालचाल किंवा डावपेच, हाही तिथलाच.

एक मात्र लक्षात ठेवा. 'यूज' आणि 'युअर' दिसायला चुलत भाऊ वाटतात पण मुळं वेगळी. 'यूज' लॅटिनच्या दुसऱ्या धातूचा आहे.

टवाळखोर

ऑपेरा आणि शेणखत एकाच घरातले. आज दुपारच्या चहाला विषय मिळाला.

काळा_कोट_नागपूर

करारातल्या शब्दाबद्दल मी बोलतो. आमच्याकडे हा शब्द बहुतेकदा ई-एन-यू-आर-ई असा दिसतो, 'एन्युअर'. इंग्लंडची पद्धत तशी, तीच आपल्या कोर्टांत आली. अमेरिकन मसुद्यात आय असतो. अर्थ तोच: एखादा हक्क, लाभ किंवा परिणाम कोणाच्यातरी पदरात पडणे. 'एन्युअर टू द बेनिफिट ऑफ' हा ठोकळा आहे, तो सुटा करून वाचायचाच नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण द्यायचं तर भावाभावांची शेती. वडिलोपार्जित जमीन, चार भाऊ, तिघं नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला, एक गावी राहून कसतो. वीस वर्षांनी गावचा भाऊ म्हणतो, 'बारा वर्षांच्या वर माझा एकट्याचा ताबा आहे, आता जमीन माझीच.' तसं होत नाही. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा कायद्याच्या नजरेत सगळ्यांचाच ताबा असतो. तो बाकीच्यांच्या फायद्यासाठी 'एन्युअर' होतो. सर्वोच्च न्यायालयाने हे १९५७ सालीच स्पष्ट केलेलं आहे. प्रतिकूल ताब्याचा दावा करायचा तर त्याने बाकीच्यांचा हक्क उघडपणे, त्यांना कळेल असा नाकारलेला पाहिजे, आणि १९६३ च्या मुदत कायद्यातली बारा वर्षं त्यानंतर मोजायची. नुसतं कसत बसणं पुरत नाही. या एका क्रियापदावर किती दिवाणी दावे उभे आहेत नि पडलेत, काही विचारू नका बाप्पा.

भाषांतराचं म्हणाल तर 'इन्युअर'ला मराठी शब्द शोधायच्या भानगडीत पडू नका. आपल्या दस्तांत त्याची जागा ठरलेली आहे. 'सदर करार लिहून देणार व लिहून घेणार तसेच त्यांचे वालीवारस यांचेवर बंधनकारक राहील व त्याचा लाभ त्यांना मिळेल.' संपलं.

शिकागोकर

अमेरिकेत हा शब्द मंडळाच्या कार्यकारिणीत शिरलं की डोक्यावर आपटतो. इथली बरीच मराठी मंडळं करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असतात, बोलीभाषेत '५०१ सी ३'. त्या कलमातली मुख्य अट अशी की संस्थेच्या निव्वळ मिळकतीचा कोणताही भाग खासगी व्यक्तीच्या लाभासाठी 'इन्युअर' होता कामा नये. ही शब्दयोजना १९१३ च्या प्राप्तिकर कायद्यातही होती, म्हणजे शंभराहून जास्त वर्षं टिकली आहे. त्यावरून 'प्रायव्हेट इन्युअरमेंट' असं नामच तयार झालंय.

समजा गणेशोत्सवाचं जेवण अध्यक्षांच्या मेव्हण्याकडून घेतलं. बाजारभावाने घेतलं, कार्यकारिणीत उघड चर्चा झाली, अध्यक्ष मतदानातून बाहेर राहिले, तर साधारणपणे अडचण नाही. पण दुप्पट दराने बिल फाडलं, तर ते इन्युअरमेंट. प्रकरण गंभीर असेल तर संस्थेचा करमुक्त दर्जाही जाऊ शकतो. नवीन खजिनदाराला हे समजावताना मी 'मंडळाचं लोणी घरच्या ताटात जाता कामा नये' असं सांगतो. कायद्याचं इंग्रजी वाचण्यापेक्षा ते लवकर कळतं.

शब्दांची_हमाल (ठाणे)

वकीलसाहेब, शिकागोकर, मनापासून आभार. करारनाम्याचा प्रश्न सुटला. परिचारिका मात्र अजून वॉर्डातच उभी आहे.

निवृत्त_मास्तर (सांगली)

आपल्याकडे शब्दांची वाण नाही, छटा निवडायची आहे. सुचतील तसे टाकतो.

'रुळणे' म्हणजे नव्या ठिकाणी, नव्या माणसांत बिचकणं संपणं. सून सासरी रुळते, मूल शाळेत रुळतं. यात शेवट गोड आहे. 'सरावणे' तटस्थ, हात, पाय, डोळे सरावतात, अंधाराला डोळे सरावतात. 'अंगवळणी पडणे' यात गोष्टच कर्ता आहे, ती येऊन माणसाच्या अंगवळणी पडते, आणि ती कामाची असो की त्रासाची. 'पचनी पडणे' विचाराला किंवा बातमीला, तेही बहुधा नकारार्थी: 'हे काही त्याच्या पचनी पडलं नाही.' 'मुरणे' म्हणजे त्यात तरबेज होणं, मुरलेला राजकारणी. 'रापणे' कातडीचं, उन्हाने वाऱ्याने. 'निर्ढावणे', 'कोडगा होणे', 'निगरगट्ट होणे' हे तिन्ही शिव्याशापाच्या अंगाचे. लाज किंवा दया गेली, असा ठपका त्यांत आहे.

इंग्रजी 'इन्युअर्ड'मध्ये ठपका असेलच असं नाही. 'इन्युअर्ड टू हार्डशिप' हे सैनिकांच्या बाबतीत कौतुकाने म्हणतात, तिथे 'काटक', 'हालअपेष्टांना सरावलेले' चालेल. 'इन्युअर्ड टू व्हायोलन्स' म्हटलं की मात्र काळजी किंवा दुःख असतं. शब्द तोच, पुढचं नाम बघून रंग ठरतो.

तुमच्या वाक्याला मी 'किंकाळ्यांचं तिला आता काही वाटेनासं झालं होतं' असं करीन. हे 'वाटेनासं होणं' ही आपली खास रचना आहे. चालवेना, बघवेना, वाटेनासं. हळूहळू झालंय, आपण होऊन केलेलं नाही, आणि काहीतरी कमी झालंय, हे तिन्ही त्यात येतं.

शब्दखोदू (पुणे)

+१. 'वाटेनासं झालं' उत्तम.

कातळवेडा (नाशिक)

थोडं अवांतर, पण अर्थाने याच्या जवळचा एक शब्द आमच्या धंद्यात रोज लागतो: 'ॲक्लमटाइझ'. अमेरिकन लोक नुसतं 'ॲक्लिमेट' म्हणतात. हिमालयात जाणारी आपली बरीच मंडळी त्याचा अर्थ 'सराव' असा घेतात आणि फसतात.

दर रविवारी कळसूबाई करणारे मला सांगतात, 'आमचं ॲक्लमटायझेशन झालेलं आहे.' नाही हो. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात याच्या वर काही नाही. लेह शहरच साधारण ३५०० मीटरवर आहे. सह्याद्रीत कितीही चढलात तरी पायात ताकद येईल, दम वाढेल, पण विरळ हवेची ओळख शरीराला होत नाही. ती तिथे जाऊन, थांबूनच होते. श्वास आपोआप जलद होतो, लघवी जास्त होते, पुढे काही दिवसांनी रक्तातल्या लाल पेशी वाढू लागतात. म्हणून विमानाने लेहला उतरलं की पहिले दोन दिवस गप पडून राहायचं, आणि ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. दिवसा वर जाऊन यायला हरकत नाही, झोपायला खाली. खाली घरी आलात की काही आठवड्यांत हे सगळं पुसलं जातं. मनाने कितीही 'मला सवय आहे' म्हटलं तरी फुप्फुसं ऐकत नाहीत. तगडी पोरंच जास्त गोत्यात येतात, कारण ती थांबत नाहीत.

मराठीत याला जुना सुरेख शब्द आहे: 'मानवणे'. तिथली हवा त्याला मानवली. हवा माणसाला मानवते, माणूस हवेला नाही! कोणाच्या हातात काय आहे ते बरोबर सांगितलंय.

निरीक्षक (बोरिवली)

कातळवेडा, छान. प्राणिवर्तनात आम्ही 'हॅबिच्युएशन' म्हणतो, आणि ताईंच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीवर काम केलं, त्यांना २००० साली नोबेल मिळालं. तिच्या नळीला हलकासा स्पर्श केला की ती कल्ला आत ओढते. पुन्हा पुन्हा तसाच निरुपद्रवी स्पर्श करत राहिलं की ओढणं कमी होत जातं. हे हॅबिच्युएशन. पण शेपटीला विजेचा एक झटका दिला, की नंतर साध्या स्पर्शालाही ती आधीपेक्षा जोरात आक्रसते. म्हणजे वारंवार घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची सवय होतेच असं नाही, उलटंही होतं. दिवाळीत कुत्र्यांचं बघा. लोक म्हणतात 'होईल सवय', आणि अनेक कुत्री दरवर्षी जास्तच घाबरतात.

मुद्दा असा की आम्ही मोजतो तो प्रतिसाद. कल्ला किती आत गेला, माकड किती अंतरावरून पळालं. गोगलगायीला आत काय 'वाटतं' हे त्यात नसतं. मास्तरांचं 'वाटेनासं झालं' हे थेट मनात शिरतं. इंग्रजी वाक्य तिथवर जातं का, ते बघावं लागेल.

आणखी एक. 'इन्युअर्ड' आणि 'इम्यून' यांची गल्लत खूप होते. इम्यून म्हणजे बाधतच नाही. इन्युअर्ड म्हणजे बाधत होतं, बाधून बाधून आता माणूस तितका हलत नाही. पोंटसचा राजा मिथ्रिडेट्स, इसवी सनापूर्वी ६३ मध्ये मेला, तो विषप्रयोगाच्या भीतीने रोज थोडं थोडं विष खायचा अशी कथा आहे. शेवटी शत्रूच्या हाती पडायची वेळ आली तेव्हा विष घेतलं तर चढेना, मग पहारेकऱ्याकडून तलवारीने मरण मागून घ्यावं लागलं. अभ्यासाने विषही पचतं, असं आपल्याकडे संतसाहित्यातही येतं. पण हाफकिन संस्थेत घोड्यांना सर्पविषाचे चढते डोस देऊन सर्पदंशावरचं जे प्रतिविष बनतं, ते वेगळं. तिथे घोड्याच्या रक्तात विषाशी लढणारी प्रतिद्रव्यं तयार होतात. ती इम्युनिटी. घोडा निर्ढावलेला नसतो.

(हे वाचून घरी कोणी प्रयोग करू नका.)

निवृत्त_मास्तर (सांगली)

निरीक्षक, तुम्ही 'हॅबिच्युएशन' काढलंत म्हणून. आपल्याकडे 'आय ॲम हॅबिच्युएटेड टू टी' हे फार चालतं. इंग्रजाच्या कानाला ते प्रयोगशाळेतलं किंवा व्यसनमुक्ती केंद्रातलं वाटतं. चहापुरतं 'यूस्ट टू' म्हणा. 'अकस्टम्ड टू' जरा पोशाखी, पण तेही चालेल.

कोयत्याची_लेक (बीड)

मी इथे नेहमी फक्त वाचते. आज लिहिल्याशिवाय राहवेना.

मास्तर, तुम्ही म्हणालात की 'इन्युअर्ड टू हार्डशिप' कौतुकाने म्हणतात. कौतुक कोण करतं ते बघा. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला टोळी निघायची, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे तुम्हाला माहीत असेल. पहाटे तीन-चारला फडात, दव पडलेल्या पाचटात. शेतमालक, कारखान्याची माणसं, पाहायला आलेले पत्रकार, सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: 'त्यांना सवय असते.' थंडीची सवय असते, उघड्यावर झोपायची सवय असते, बाळंतपण झाल्यावर आठवड्यात कामाला उभं राहायची सवय असते.

आई कधीच म्हणाली नाही की मला सवय आहे. ती म्हणायची, 'करावं लागतं.' थंडी तिला वाजतच होती. ती फक्त कुडकुडत थांबत नव्हती.

तुमच्या परिचारिकेचंही तसंच असेल. तिला काही वाटत नव्हतं हे लेखकाला कुणी सांगितलं?

निरीक्षक (बोरिवली)

मी जे इतक्या शब्दांत सांगत होतो ते ताईंनी एका वाक्यात सांगितलं. थंडी वाजत होती, कुडकुडत थांबत नव्हती. प्रतिसाद आणि वाटणं या दोन गोष्टी आहेत.

निवृत्त_मास्तर (सांगली)

बीडच्या ताई, तुमचा मुद्दा इंग्रजीच्या वापरातही दिसतो. हे विशेषण लोक स्वतःबद्दल कमी आणि दुसऱ्याबद्दल जास्त वापरतात. स्वतःबद्दल बोलताना इंग्रज सरळ 'आय ॲम यूस्ट टू इट' म्हणतो. 'दे आर इन्युअर्ड टू इट' हे बाहेरून बघणाऱ्याचं वाक्य आहे. पुढच्या वेळी वर्तमानपत्रात दिसलं की बोलणारा कोण ते तपासा.

तरी 'वाटेनासं' मी पूर्ण सोडणार नाही. जिथे निवेदकच स्वतःबद्दल सांगतोय तिथे ते चपखल बसेल. 'पहिल्या वर्षी मी रडायचो, मग काही वाटेनासं झालं.' तिथे आत शिरायचा हक्क त्याचा आहे.

काळा_कोट_नागपूर

साक्षीदाराला 'त्याला काय वाटत होतं' हे विचारलं की आम्ही लगेच हरकत घेतो. 'तुम्ही काय पाहिलं' तेवढंच सांगा. बीडच्या ताईंची हरकत मान्य.

शब्दांची_हमाल (ठाणे)

सगळं वाचून मूळ पान पुन्हा उघडलं. लेखक तिच्याकडे बाहेरूनच बघतोय, पूर्ण प्रकरणात तो तिच्या मनात एकदाही शिरत नाही. तेव्हा सवय, निर्ढावणं, वाटेनासं, तिन्ही बाद. सध्या असं केलंय:

'इतक्या वर्षांनंतर किंकाळी ऐकून ड्रेसिंग करणारा तिचा हात थबकत नसे.'

क्रियापद हरवलं, पण दिसायचं ते दिसतं. संपादकांना पटेल का ते बघू. शब्दाला शब्द मागणारे आहेत ते.

शब्दखोदू (पुणे)

पटायला हवं. फक्त मूळ वाक्यात 'हळूहळू होत गेलं' अशी छटा आहे. 'थबकेनासा झाला होता' केलंत तर मास्तरांची रचनाही राहील आणि बीडच्या ताईंचा आक्षेपही लागू होणार नाही.

शब्दांची_हमाल (ठाणे)

वा! 'किंकाळी ऐकून ड्रेसिंग करणारा तिचा हात आता थबकेनासा झाला होता.' हेच जातंय.

कोयत्याची_लेक (बीड)

हे बरोबर वाटतंय.

नवखा_७७

उशिरा आलो. 'इन्युअर्ड अगेन्स्ट' असंही कुठेतरी वाचलं होतं. ते चालतं का?

निवृत्त_मास्तर (सांगली)

क्वचित दिसतं, पण तुम्ही 'टू'च वापरा. परीक्षेत असाल तर नक्कीच.

काळा_कोट_नागपूर

हमालताई, करारनामा पाठवण्याआधी एक बघून घ्या. मूळ मसुद्यात वारसांच्या जोडीला 'असाइन्स' असेल तर नुसतं 'वालीवारस' लिहून भागणार नाही. ज्यांना हक्क हस्तांतरित केले आहेत तेही त्यात आले पाहिजेत. 'वालीवारस व हस्तांतरिती' असं घ्या. एवढा एक शब्द सुटला म्हणून झालेले दावे मी चालवले आहेत.

शब्दांची_हमाल (ठाणे)

'असाइन्स' आहे! लगेच घालते.